निर्बंध उठवल्यावर नवा उद्रेक दिसला की नेमकं काय करायचं? देशोदेशीचे अनुभव हवेत

तिठा
नमस्कार मंडळी. जिल्हा पातळीवरच्या साथ-आराखड्याचा मसुदा तयार करायचा आहे. 'बंद कसं करायचं' यावर कागदांची कमी नाही. 'उघडल्यावर पुन्हा रुग्ण सापडले तर' या प्रकरणात मात्र जिथे पाहावं तिथे 'परिस्थिती पाहून निर्णय घेण्यात येईल' एवढंच वाक्य असतं. २०२०-२१ च्या कोविड साथीत निरनिराळ्या देशांनी हे कसं हाताळलं, हे आकड्यांसकट हवं आहे. पुन्हा बंद करण्याचा आकडा आधी जाहीर करावा का, आणि कोणता? पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करायचं? शाळांचं काय? शक्यतो लस येण्याआधीचे अनुभव सांगा, कारण पुढच्या साथीतही सुरुवातीला लस नसणारच.

घाटमाथा
आकड्यापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो.

जर्मनीने ६ मे २०२० ला निर्बंध सैल करतानाच 'आणीबाणीचा ब्रेक' ठरवला: एखाद्या जिल्ह्यात सात दिवसांत दर लाख लोकसंख्येमागे ५० हून जास्त नवे रुग्ण झाले, की त्या जिल्ह्याने पुन्हा निर्बंध लावायचे. या आकड्यामागचा हिशोब मनुष्यबळाचा होता. दर २०,००० लोकांमागे संपर्क शोधणाऱ्या पाच जणांचं एक पथक धरलं होतं, आणि ५० च्या वर गेलं की ही पथकं प्रत्येक साखळीच्या मागे जाऊ शकणार नाहीत, असा अंदाज होता. म्हणून तुमच्या आराखड्यात ५० आयता उचलू नका. आधी माणसं मोजा, मग आकडा ठरवा.

जून २०२० मध्ये गुटर्सलोह जिल्ह्यात या ब्रेकची परीक्षा झाली. लोकसंख्या साधारण ३.६ लाख, म्हणजे मर्यादा आठवड्याला १८० रुग्णांची. तिथल्या एका मांस-कारखान्यात दीड हजारांहून जास्त कामगार बाधित निघाले. मांस कापायच्या खोलीत सुमारे १० अंश तापमान आणि तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवणारी यंत्रणा होती. तिथल्या मे महिन्यातल्या संसर्गाचा अभ्यास झाला तेव्हा आठ मीटरपेक्षा लांबच्या माणसालाही लागण झाल्याचं दिसलं. सहा फुटांचा नियम अशा खोलीत कामाचा नाही. शिवाय कंत्राटी कामगार दाटीवाटीने एकत्र राहत होते. जिल्हा आणि शेजारचा वारेनडॉर्फ जिल्हा २३ जूनला पुन्हा बंद केले, आणि जुलैच्या सुरुवातीला म्युन्स्टरच्या न्यायालयाने गुटर्सलोहचे निर्बंध रद्द केले. जिल्ह्यातल्या गावागावांत रुग्णांचं प्रमाण फार वेगवेगळं असताना सगळ्या जिल्ह्याला एकाच दावणीला बांधणं न्यायालयाला प्रमाणाबाहेर वाटलं. आपल्याकडे तालुक्यागणिक हाच प्रश्न येणार, तेव्हा आकडा कोणत्या एककाला लागू, हे सुरुवातीलाच लिहा.

आता आपल्या राज्याचं. ७ जून २०२१ पासून महाराष्ट्रात निर्बंधांचे पाच स्तर लागू झाले. आठवड्याचा पॉझिटिव्हिटी रेट (चाचण्यांपैकी बाधित निघालेल्यांचं प्रमाण) ५ टक्क्यांच्या खाली आणि ऑक्सिजनचे २५ टक्क्यांहून कमी बेड भरलेले असतील तर पहिला स्तर. रेट २० टक्क्यांच्या वर किंवा ७५ टक्क्यांहून जास्त बेड भरलेले असतील तर पाचवा. दोन आकडे जोडीने वापरले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण एकट्या पॉझिटिव्हिटीला सहज फसवता येतं. समजा आठवड्यात १०,००० चाचण्या झाल्या. त्यातल्या २,००० आरटी-पीसीआर, त्यात २४० बाधित, म्हणजे १२ टक्के. उरलेल्या ८,००० रॅपिड अँटिजेन, बऱ्याचशा लक्षणं नसलेल्या लोकांच्या, त्यात १६० बाधित, म्हणजे २ टक्के. बेरीज केली तर ४ टक्के. एकाच आठवड्याचा जिल्हा एका हिशोबाने चौथ्या स्तरात आणि दुसऱ्या हिशोबाने पहिल्यात! २५ जून २०२१ च्या आदेशात फक्त आरटी-पीसीआरचा रेट धरायचा असं ठरलं आणि सगळ्या राज्याला किमान तिसरा स्तर लावला. तुमच्या मसुद्यात 'पॉझिटिव्हिटी' हा शब्द आला, की कोणत्या चाचणीची ते त्याच ओळीत लिहा.

आणि उशिराचा हिशोब धरा. मूळ विषाणूत लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाच दिवस, स्वॅब द्यायला जाईपर्यंत दोन, अहवाल आणि नोंद यांत दोन-तीन. म्हणजे आजचा आकडा नऊ-दहा दिवसांपूर्वीचा असतो. वर सात दिवसांची सरासरी घेतली की आणखी तीन दिवस मागे. २०२१ मध्ये आपल्याकडे गुरुवारी आकडे पाहून सोमवारपासून स्तर बदलायचा, म्हणजे आणखी चार दिवस. आठवड्याला दुप्पट होणारी साथ एवढ्या काळात चौपटीच्या पुढे जाते. म्हणून उघडतानाचा आकडा आणि बंद करतानाचा आकडा एकच ठेवू नये. बंदचा आपल्या क्षमतेपेक्षा बराच खाली ठेवावा, आणि उघडण्याचा त्याहूनही खाली.

मोगरा_७
पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी सोलचं इतेवॉन प्रकरण बारकाईने पाहण्यासारखं आहे.

दक्षिण कोरियाने ६ मे २०२० ला अंतराचे नियम सैल केले आणि त्याच दिवशी २९ वर्षांच्या एका तरुणाचा अहवाल पॉझिटिव्ह आला. १ मेच्या रात्री तो इतेवॉन भागातल्या अनेक नाइटक्लबांत गेला होता. क्लबांत नोंदवही होती, पण खोटी नावं आणि चुकीचे नंबर यांमुळे निम्म्या कामाचीही नाही. मग तीन वाटांनी माहिती काढली: कार्डाने दिलेली बिलं, सीसीटीव्ही, आणि त्या भागातल्या मोबाइल टॉवरच्या नोंदी. २४ एप्रिल ते ६ मे या काळात मध्यरात्र ते पहाटे पाचच्या दरम्यान तिथे अर्ध्या तासाहून जास्त थांबलेले १०,९०५ फोन निघाले. सगळ्यांना चाचणी करून घ्या असा संदेश गेला. २५ मेपर्यंत ४१ हजारांवर चाचण्या आणि २४६ रुग्ण. त्यातले निम्म्याहून जास्त क्लबात गेलेलेच नव्हते. घरचे, सहकारी, शिकवणीतली मुलं यांच्यापर्यंत साखळी पोचली होती.

यंत्रणा एवढी तगडी असूनही अडलं ते भीतीपाशी. काही क्लब समलैंगिक लोकांचे होते. बातम्यांमधून ते उघड झाल्यावर लोक फोन उचलेनात. ओळख फुटली तर घर आणि नोकरी दोन्ही जातील, ही भीती खरी होती. इंचॉनमधल्या एका शिकवणी-शिक्षकाने चौकशीत आपलं कामच लपवलं आणि तेवढ्या दिवसांत त्याच्या विद्यार्थ्यांना लागण झाली. सोल शहराने ११ मेपासून निनावी चाचणी सुरू केली: नाव नको, पत्ता नको, फक्त फोन नंबर. त्यानंतर चाचणीला येणाऱ्यांची संख्या चांगलीच वाढली. हा उपाय बिनखर्चाचा आहे, आणि आराखड्यात पहिल्या दिवसापासून असावा असं मला कळकळीने वाटतं. आपल्याकडे दारावर 'होम क्वारंटाइन'चा कागद चिकटवला की त्या घराचं काय होतं, ते सर्वांनी पाहिलं आहे.

वहीऐवजी १० जूनपासून क्यूआर कोड सक्तीचा केला. नाव एका ठिकाणी, भेटीची नोंद दुसऱ्या ठिकाणी, दोन्ही जोडायचे फक्त साथ आली तरच, आणि चार आठवड्यांनी सगळं पुसायचं. पुसायची तारीख आधी सांगितली की लोक खरी माहिती देतात. सिंगापूरमध्ये उलट झालं. ट्रेसटुगेदर या संपर्क शोधणाऱ्या अ‍ॅपची माहिती पोलिसांनाही गुन्ह्याच्या तपासासाठी मागता येते, हे जानेवारी २०२१ मध्ये बाहेर आलं, लोक चिडले आणि फेब्रुवारीत कायदा करून तो वापर ठरावीक गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करावा लागला.

तिठा
धन्यवाद, दोन्ही उत्तरं थेट मसुद्यात जातील. टॉवरची माहिती जिल्ह्याला मिळणं अवघड, हे धरूनच चालतो. तंत्रज्ञान नसेल तर कमी माणसांत शोध कसा करायचा? आणि कुणाचाच संबंध लागत नसलेला रुग्ण सापडला तर?

खाडीकाठ
कमी माणसांत शोधायचं तर जपानसारखा मागे शोधा. या रोगात बहुतेक बाधित कुणालाच देत नाहीत आणि थोडेसे लोक खूप जणांना देतात. त्यामुळे 'तुम्ही कुणाला भेटलात' यापेक्षा 'तुम्हाला कुठे लागण झाली असेल' हा प्रश्न जास्त फळतो. पुढचा शोध लक्षणांच्या दोन दिवस आधीपासून करतात, मागचा चौदा दिवसांचा. फॉर्ममध्ये तीन रकाने पुरतात: बंद जागा, गर्दी, जवळून बोलणं. तिन्ही जुळले, तर त्या लग्नाच्या, भजनाच्या किंवा जिमच्या यादीतल्या प्रत्येकाला फोन.

संबंध न लागणारा रुग्ण म्हणजे नजरेआड साखळी चालू आहे. न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये ११ ऑगस्ट २०२० ला असंच झालं. १०२ दिवस समाजात एकही रुग्ण नव्हता, आणि एका कुटुंबातले चार जण बाधित निघाले. परदेश प्रवास नाही, विलगीकरण केंद्राशी संबंध नाही. त्याच रात्री घोषणा, दुसऱ्या दिवशी दुपारी बारापासून ऑकलंड निर्बंधांच्या तिसऱ्या पातळीवर, उरलेला देश दुसऱ्या. काही तासांत हे जमलं, कारण चार पातळ्यांचा तक्ता मार्चपासून लोकांना पाठ होता. तिसरी पातळी म्हटलं की शाळा, दुकान, प्रवास यांचं काय ते वेगळं सांगावं लागलं नाही. रुग्णांच्या विषाणूचा जनुकीय क्रम लावल्यामुळे जवळजवळ सगळे एकाच साखळीतले आहेत हे कळलं. मूळ स्रोत शेवटपर्यंत सापडला नाही, तरी साखळी तुटली.

मेलबर्नची कथा याच्या उलट आहे. परदेशातून आलेल्यांना ज्या हॉटेलांत ठेवलं, तिथले खासगी सुरक्षारक्षक बाधित झाले, आणि तिथून दुसरी लाट उसळली. माजी न्यायाधीश जेनिफर कोट यांच्या चौकशीत खासगी रक्षक नेमण्याचा निर्णय नक्की कुणाचा, हेच निश्चित होऊ शकलं नाही. मसुद्यात प्रत्येक निर्णयापुढे पदनाम लिहा, 'प्रशासन' असं मोघम लिहू नका. ४ जुलैला नऊ सरकारी निवासी इमारती क्षणात सील केल्या. सुमारे ३,००० लोक आत, बरेचसे स्थलांतरित. औषधं, अन्न, दुभाषी यांची तयारी नव्हती. राज्याच्या लोकपालांनी पुढे स्पष्ट लिहिलं, की तत्काळ सील करण्याचा सल्ला आरोग्य अधिकाऱ्यांचा नव्हता. इमारत सील करायची असेल तर आधी वस्तीच्या भाषेतला माणूस, शिधा आणि औषधांची यादी हवी.

पण उघडताना त्यांनी एक आकडा फार चांगला वापरला. ६ सप्टेंबरच्या आराखड्यात पुढच्या टप्प्यासाठी रोजच्या नव्या रुग्णांची चौदा दिवसांची सरासरी ५ हून कमी, आणि शिवाय त्या चौदा दिवसांत स्रोत न सापडलेले रुग्ण एकूण ५ हून कमी, अशी अट होती. एकूण आकड्यापेक्षा हा दुसरा जास्त खरं बोलतो.

पाटीपेन्सिल
शाळांसाठी जेरुसलेमचं उदाहरण घ्या. इस्रायलने १७ मे २०२० ला शाळा पूर्ण उघडल्या. वर्गात ३५ ते ३८ मुलं, खोली ३९ ते ४९ चौरस मीटरची. १९ ते २१ मे उष्णतेची लाट आली, म्हणून तीन दिवस मास्कला सूट दिली आणि खिडक्या लावून एसी दिवसभर चालवले. एका माध्यमिक शाळेत १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित झाले. नियम होते, पण ऊन वाढलं तर काय करायचं हे नव्हतं. आपल्याकडे त्याऐवजी पावसात खिडक्या बंद होतात, ते धरून लिहा.

डेन्मार्कने १५ एप्रिलला आधी लहान मुलांचे वर्ग उघडले: छोटे ठरलेले गट, बाकांत दोन मीटर, शक्य तेवढे तास बाहेर.

महाराष्ट्रातही १५ जुलै २०२१ पासून ग्रामीण भागातले आठवी ते बारावीचे वर्ग, महिनाभर रुग्ण नसलेल्या गावांत, सरपंचांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या निर्णयाने उघडले. एका बाकावर एक, दोन बाकांत सहा फूट, वर्गात १५ ते २० मुलं. मुलं आठ वाड्यांवरून येत असतील तर 'गाव' कोणतं धरायचं, हे ठरवा. एसटीने येणारे शिक्षकही मोजा.

घाटमाथा
माणसं मोजण्याच्या माझ्या मुद्द्याला जोडून: एका रुग्णामागे सरासरी दहा संपर्क आणि प्रत्येकाला पहिला फोन वीस मिनिटांचा धरला, तर फक्त फोनलाच साडेतीन तासांच्या आसपास लागतात. रुग्णाची मुलाखत एक तास, न उचललेले फोन पुन्हा लावणं आणि नोंदी धरून एका माणसाकडे दिवसाला दीड ते दोन रुग्णांहून जास्त देऊ नका. यावरून तुमचा आकडा निघेल. फोन करायचा नंबर एकच अधिकृत ठेवा आणि तो आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, नाहीतर अनोळखी कॉल म्हणून लोक कापतात.