ओट्याखाली रात्री कोण उकरतंय? कॅमेऱ्यात दिसत नाही, पिंजऱ्यात येत नाही

तापीकाठ (चोपडा)
राम राम मंडळी. धाब्याचं जुनं घर. मागच्या ओट्याच्या पायाशी रोज सकाळी पाटीभर माती उकरलेली, भोक मूठ जाईल एवढं. शेजारी पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा) ढीग. घूस, मुंगूस की साळिंदर? ट्रेल कॅमेरा (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा) भिंतीसमोर ४ फुटांवर, कमरेच्या उंचीला बांधलाय. ३ रात्रींत दोनच फोटो, तेही पांढरेफटक. लाकडी पिंजरा कुरतडून टाकला.

केळीबाग
मुंगूस दिवसा फिरतो, त्याचं नाव सोडा. साळिंदराचं बीळ बरंच मोठं, आसपास एखादा काटा पडलेला असतो. मातीचा ढीग आणि मूठभर भोक म्हणजे घूस. पण फोटो आल्याशिवाय पिंजरा लावू नका. उदमांजर अडकलं तर पंचाईत.

रात्रपाळी
कॅमेरा बिघडलेला नाही, जागा चुकलीय. त्याचा सेन्सर अंगाची ऊब आणि मागची पार्श्वभूमी यांतला फरक पकडतो. मे महिन्यात आपल्याकडची भिंत मध्यरात्रीपर्यंत तापलेली असते. फरकच उरत नाही, मग फोटो कुठून येणार? दिवेलागणीला भिंतीच्या खालच्या २ फुटांवर आणि समोरच्या जमिनीवर पाणी मारा. जागा थंड होते, वर ओल्या मातीत पाऊलही उमटतं.

उंची वीतभर, अंतर ६-७ फूट, भिंतीशी तिरका. समोरून चालून येणाऱ्यापेक्षा आडवं जाणारं जनावर सेन्सरला लवकर कळतं. पांढरेफटक फोटो जवळच्या फ्लॅशमुळे येतात. फ्लॅशच्या इन्फ्रारेड दिव्यांवर कागदी चिकटपट्टीचे दोन थर लावा, सेन्सर आणि भिंग मोकळं ठेवा. संवेदनशीलता 'हाय', एका वेळी ३ फोटो. चौकटीत केळीचं पान हलत असेल तर आधी ते छाटा, नाहीतर कार्ड पानांच्याच फोटोंनी भरेल.

पत्रावाला
फोटोत घूसच निघाली तर लोखंडी जाळीचा पिंजरा घ्या, लांबी २ फूट. आखूड पिंजऱ्यात शेपटीवर दार अडकतं आणि ती मागच्या मागे निसटते. भिंतीला चिकटून, दार तिच्या वाटेकडे. वर दोन विटा ठेवा, नाहीतर उलटवते.

आमिष: कळण्याच्या भाकरीचा तुकडा, शेंगदाण्याच्या तेलात बुडवलेला. तो बाइंडिंग वायरने आकड्याला घट्ट बांधा. बाजूच्या जाळीला टेकला तर बाहेरूनच ओढून खाते. घूस नव्या वस्तूला बिचकते, म्हणून पहिल्या ३ रात्री दार तारेने उघडंच बांधा, खाऊ द्या. चौथ्या रात्री तार काढा. घाई इथंच नडते.

उजाडताच पिंजरा बघा, उन्हात जनावर तडफडून मरतं. हातमोजे हवेतच, घुशीच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो. उदमांजर, मुंगूस किंवा साळिंदर अडकलं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. लगेच सोडा, जखमी असेल तर वनविभागाला १९२६ वर फोन. झिंक फॉस्फाईडच्या (उंदीर-घुशी मारायच्या विषाच्या) गोळ्या घरालगत नकोच. घूस बिळात मरते, वास आठवडाभर, आणि आमिष कुत्र्याने खाल्लं तर तेही जातं.

तापीकाठ (चोपडा)
धन्यवाद. भोक कधी बुजवू?

पत्रावाला
आधी कागदाचा बोळा कोंबा. लागोपाठ २ रात्री हलला नाही, मगच विटांचे तुकडे ठासून वर १:४ सिमेंट-वाळू. पऱ्हाट्या भिंतीपासून लांब न्या, नाहीतर ती शेजारीच दुसरं भोक पाडेल.