डी-सस-२ मध्ये पहिली तार मुकी का होते? (आर्पेजिओबद्दल मदत हवी आहे)

मंडळी, गिटार हातात घेऊन वर्ष होत आलं. शाळेत असताना चार वर्षं पेटी शिकलो होतो, त्यामुळे कान बरा आहे, बोटं मात्र ऐकत नाहीत.

सध्या सस कॉर्डचे (सस म्हणजे ‘सस्पेंडेड’, गंधाराऐवजी रे किंवा म घेतलेली कॉर्ड) आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे स्वर एकेक करून छेडणं, बसवतोय. डी-सस-२, डी, डी-सस-४, परत डी, अशी फेरी. स्ट्रमिंगमध्ये खपून जातं, पण एकेक तार छेडायला गेलं की सगळं उघडं पडतं. उजवा हात असा: अंगठा चौथ्या तारेवर, तर्जनी तिसऱ्या, मधलं बोट दुसऱ्या, अनामिका पहिल्या, मग मधलं आणि तर्जनी परत. सहा मात्रा झाल्या, म्हणून मेट्रोनोमऐवजी तबल्याच्या अ‍ॅपवर दादराच लावतो (हसू नका).

अडचण अशी की सस-२ ला पहिली तार मोकळी वाजायला हवी, ती दहातल्या सहा वेळा ‘ठप्’ अशी मुकी येते. शिवाय डी वरून सस-२ ला येताना बोट उचललं की तार न छेडताच ‘टंग’ करते. जिथे शिकतो तिथे सांगितलं, वेग वाढवा, आपोआप जाईल. तीन आठवडे वेग वाढवतोय, टंगही वाढलंय.

आणि एक वेडगळ शंका. डी-सस-२ म्हणजे डी, ई, ए. ए-सस-४ म्हणजे ए, डी, ई. स्वर तेच तीन, मग नावं दोन कशाला?

प्रतिसाद १:
आधी वेग खाली आणा, मिनिटाला ६० मात्रा पुरे.

मुक्या तारेचा गुन्हेगार बहुतेक डावी अनामिका. ती दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला (गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांमधल्या तिसऱ्या घरात) असते. शेजारचं मधलं बोट उचललं की ती आडवी पडते आणि तिचं पोट पहिल्या तारेला लागतं. सस-४ ला करंगळीच तिथे असल्याने दोष झाकला जातो. डावा अंगठा गिटारच्या मानेमागे जरा खाली घ्या, अनामिका टोकावर उभी करा, नख कापा. मग फक्त पहिल्या दोन तारा छेडून बघा.

टंग येतं कारण बोट वर न उचलता खाली ओढून काढताय. आणि घाईही उगाच करताय. तिन्ही कॉर्डमध्ये चौथी, तिसरी, दुसरी तार तशीच राहते, फरक फक्त पहिल्या तारेवर, आणि ती येते चौथ्या मात्रेला. समेवर बोट हलवायची गरजच नाही! तिसरी मात्रा वाजली की उजवी अनामिका पहिल्या तारेवर टेकवा. तार गप्प होते, तेवढ्यात डावं बोट उचला, मग छेडा.

ए-सस नंतर घ्या. तिथे फरक दुसऱ्या तारेवर आहे आणि ती आवर्तनात दोनदा येते.

शंका वेडगळ नाही. डी ला सा धरा, तेच स्वर सा रे प. ए ला सा धरा, सा म प. पेटीवाल्याला मूर्च्छना (स्वर तेच, सा बदलला) वेगळी सांगायला नको. सा कुठला ते तुमचा अंगठा ठरवतो: चौथ्या तारेवर पडला तर डी, पाचव्या तारेवर पडला तर ए. दोन्हीकडे गंधार गायब, म्हणून ना मेजर ना मायनर. सस-४ मधला म मात्र गंधारावर उतरायला टपलेला असतो. जुन्या युरोपीय संगीतात मागच्या कॉर्डमधला स्वर असाच लटकता ठेवून मग खाली उतरवायचे, ‘सस्पेंड’ हे नाव त्यावरूनच.

धागाकर्ता:
अनामिकाच निघाली! नख कापलं, ठप् जवळजवळ गेलं. टंग अजून अधूनमधून येतं. पण आता ई-सस-२ कुठे धरायचा? बोटंच बसत नाहीत.

प्रतिसाद १:
पाचवी तार दुसऱ्या फ्रेटला तर्जनीने, चौथी आणि तिसरी दोन्ही चौथ्या फ्रेटला अनामिका-करंगळीने, बाकी मोकळ्या. पंजा ताणला जाईल. दुखलं तर लगेच थांबा.