क्लीट्स घ्यायच्यात! ठाणे-नवी मुंबईच्या सायकलस्वारांनो, तुमचे अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,
बरीच वर्षं साध्या पेडलवर आणि धावायच्या बुटांवर सायकल चालवतेय. रविवारी पहाटे उपवनवरून येऊर, कधी ऐरोली पुलावरून पाम बीच. आता लांब पल्ल्याच्या राइड्स सुरू करायच्यात, आणि पावसाळ्यात ओल्या पेडलवरून पाय सटकतो तेही नकोसं झालंय. म्हणून क्लीट्स, म्हणजे बुटाच्या सोलला बोल्टने लावायच्या आणि पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्ट्या, घ्यायचा विचार आहे. दुकानात विचारावं तर समोर जो माल आहे तोच उत्तम असतो. परदेशी व्हिडिओंमध्ये ना आपले सिग्नल, ना आपले खड्डे. म्हणून हा धागा काढलाय. दोन बोल्टच्या छोट्या क्लीटचं एसपीडी पेडल घेतलंत की तीन बोल्टच्या मोठ्या क्लीटचं रोडवालं, बूट कसे निवडलेत, पाय सोडवायची सवय कशी लागली, आणि क्लीट्स वापरून पुन्हा साध्या पेडलवर कोणी आलं का, सगळं लिहा. किमती सतत बदलतात, त्या नसल्या तरी चालतील. सायकल कुठे चालवता ते मात्र जरूर सांगा. निम्मं उत्तर त्यातच असावं असं मला वाटतं.

नेरुळहून
मी तीन बोल्टवाला, शिमानो कंपनीचं एसपीडी-एसएल पेडल. माझा नेहमीचा रस्ता म्हणजे पाम बीच, वाशी ते किल्ला जंक्शन आणि परत. सिग्नल मोजके, रस्ता सपाट, पाय टेकायची वेळ फारशी येत नाही. अशा रस्त्यावर मोठ्या क्लीटचं सुख कळतं. चवड्याखाली रुंद आधार मिळतो आणि तळव्याला एकाच जागी टोचत नाही.
क्लीटच्या रंगाकडे लक्ष द्या. शिमानोच्या लाल क्लीटमध्ये पाय जागचा हलत नाही, निळीत २ अंश फिरतो, पिवळीत ६ अंश. नवीन माणसाने पिवळीच घ्यावी, गुडघ्याला मोकळीक राहते. लूक कंपनीचं कीओ पेडल घेतलंत तर हिशेब उलटा: काळी शून्य, करडी साडेचार, आणि लाल सगळ्यात मोकळी, ९ अंश. एकाची क्लीट दुसऱ्याच्या पेडलात बसत नाही, हेही दुकानातून निघण्याआधी तपासा.
त्रास म्हणाल तर चालण्याचा. मिसळ खायला थांबलो की फरशीवर टाचा टेकत जपून जावं लागतं, आणि प्लॅस्टिक झिजतं ते वेगळंच. रबरी कव्हरं खिशात ठेवतो.

वसंत विहार, ठाणे
ताई, येऊर करणार असाल तर एसएलचा विचार बाजूला ठेवा. चढावर समोर रिक्षा वळली आणि थांबावं लागलं, की खरी परीक्षा पुन्हा निघताना असते. एसएलचं पेडल एकाच बाजूने अडकतं आणि सुटं असताना नाक वर करून लटकतं. बुटाच्या टोकाने ते शोधून पाय बसवेपर्यंत चढावरच्या सायकलचा वेग संपलेला असतो.
माझ्याकडे शिमानोचं एम५२० हे दोन बोल्टवालं एसपीडी पेडल आहे, दोन्ही बाजूंना क्लिप. पाय कसाही ठेवा, खट् आवाज येतो आणि बसतो. क्लीट धातूची, छोटी, सोलच्या खाचेत बुडालेली. त्यामुळे येऊरला वर पोचल्यावर झऱ्यापर्यंत पायवाटेने सुद्धा जाता येतं.
दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. पेडलवर स्प्रिंगचा स्क्रू असतो, तो ३ मिमीच्या एलन कीने (षटकोनी चावीने) पूर्ण सैल करा. दोन पेडल, दोन बाजू, म्हणजे चार स्क्रू. एखादा राहिला की नेमका त्याच बाजूला पाय अडकतो. आणि एसएच५६ ही क्लीट मागून घ्या. एसएच५१ टाच आडवी वळवल्यावरच सुटते, ५६ इतर कोनांतूनही सुटते. घाबरून पाय कसाही ओढला जातो, तेव्हा हा फरक कामाला येतो.

घोडबंदर रोडहून, ऑफिसला सायकलने जाणारा
माझं पेडल शिमानो ईएच५००. एक बाजू सपाट, एक बाजू क्लिपची. माजिवड्याच्या गर्दीत सपाट बाजू, पुढे रस्ता मोकळा झाला की क्लिप. माझ्या मते नवशिक्याने हेच घ्यावं. सोडवायचा पाय नेहमी डावा ठरवून टाका, कारण आपण डाव्या कडेने जातो. सायकल कलली तर कडेला कलेल, ट्रकच्या बाजूला नाही.

खारघरहून
पेडलचं छान लिहिलंय सगळ्यांनी, मी बुटांबद्दल आणि गुडघ्याबद्दल लिहिते. माझ्यासाठी तीच खरी लढाई होती.
बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि लांब राइडवरही तेच होतं. ज्या मोज्यांत सायकल चालवता तेच घालून जा. टाच उचलली जाता कामा नये, आणि पुढे बोटं हलली पाहिजेत. आपल्याकडे चपला-सँडल घालून बऱ्याच जणांचे चवडे पसरट झालेले असतात. निमुळत्या रोडच्या बुटात करंगळी दबते, तासाभराने मुंग्या येतात. दुकानदार म्हणेल "वापरून सैल होतील." कडक सोलचे बूट रुंदीला फारसे सैल होत नाहीत. रुंद साच्याचे मिळत असतील तर तेच घ्या, नुसता नंबर वाढवू नका. नंबर वाढवला की टाच आत खेळायला लागते.
आता क्लीट बसवणं. दुकानात एका पोऱ्याने दोन मिनिटांत आवळून दिल्या होत्या. खारघरच्या टेकडीचे चढ करायला लागल्यावर उजव्या गुडघ्याची आतली बाजू ठणकायला लागली. फिजिओ मॅडमनी मला टेबलाच्या कडेवर बसवलं, पाय सैल लोंबकळू दिले आणि म्हणाल्या, "बघा, तुमचा उजवा पंजा मुळातच बाहेर वळलेला आहे." क्लीटने तो सरळ धरून ठेवला होता. घरी येऊन बूट घातले, अंगठ्यामागचं आणि करंगळीमागचं हाड चाचपून बुटाच्या दोन्ही कडांवर पेनाने खुणा केल्या. क्लीटचा मधला भाग त्या दोन खुणांच्या मधोमध, किंचित मागेच, आणला. मग पंजा बाहेर राहील असा क्लीटचा कोन फिरवला. एका वेळी थोडंसंच सरकवायचं आणि दोन-तीन राइड्स थांबायचं. दुखणं गेलं. अजून एक: बुटाच्या सोलची जाडी बदलली की सीटची उंचीही पुन्हा बघावी लागते, हे कोणी सांगत नाही.

ऐरोलीहून
पडायच्या भीतीसाठी: सोसायटीच्या आवारात भिंतीला हात टेकून उभ्या सायकलवर अडकवा-सोडवा करा, दोन्ही पायांनी. पाय वर किंवा मागे ओढायचा नाही, टाच बाहेर फेकायची. रस्त्यावर ब्रेक लावण्याआधी पाय सुटलेला हवा आणि गिअर हलका.

बेलापूरहून
मी साठी ओलांडली. क्लीट्स वापरल्या आणि आता खिळ्यांच्या सपाट पेडलवर आहे. पारसिक हिलचा चढ त्यावरच करतो. चामड्याच्या पट्ट्यांनी पाय बांधायचे दिवस मी पाहिलेत, त्या मानाने क्लीट्स फारच सुरक्षित. लूकने १९८४ मध्ये स्कीइंगच्या बाइंडिंगवरून (बर्फावरच्या पट्टीला बूट अडकवायच्या पकडीवरून) हे पेडल आणलं, १९८५ ची टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत बर्नार्ड हिनोने त्यावर जिंकली. पण ती शर्यत होती. पाय वर ओढून मोठी ताकद मिळते ही समजूत मला पटत नाही. जोर खाली दाबण्यातूनच येतो. क्लीटचा खरा फायदा पाय जागेवर राहण्याचा आहे. गुडघा किंवा घोटा आधीच दुखरा असेल तर घाई करू नका, बेटा. चांगलं खिळ्यांचं पेडल आणि कडक सोलचे बूट एवढ्यावरही खूप लांब जाता येतं.

कळव्याहून
काकांशी बराचसा सहमत. पण २०० किलोमीटरच्या बीआरएममध्ये (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडमध्ये) साडेतेरा तास हातात असतात, तेव्हा प्रत्येक फेऱ्यात पाय आपोआप त्याच जागी राहणं मला फार मोलाचं वाटतं.
ताई, तुम्ही पावसाचं विचारलंय म्हणून थोडं देखभालीचं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या उलट दिशेला फिरवलं की आवळतं. आट्यांना ग्रीस लावल्याशिवाय बसवू नका, नाहीतर एका पावसाळ्यात क्रँकमध्ये (पेडल ज्या दांड्यात बसतं त्यात) जाम होतं. क्लीटच्या बोल्टनाही ग्रीस हवंच; एसपीडीचे ५ ते ६ न्यूटन मीटरवर आवळायचे. बोल्ट सैल असला तर टाच वळते पण क्लीट जागीच फिरते आणि पाय सुटत नाही, म्हणून मी निघण्याआधी ते तपासतोच. चिखलातून चालल्यावर सोलची खाच काडीने साफ करा. भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवा, ओले झाले की बदला. उन्हात किंवा हीटरजवळ नको, सोलचा गोंद सुटतो.