फाशीच्या कोठडीपर्यंत पोचलेलं संशोधन

'विद्यापीठांचे अहवाल कपाटात धूळ खातात' असं म्हटलं जातं, पण हे मत मला सरसकट मान्य नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा २०१६चा फाशीच्या कैद्यांवरचा अहवाल बघा. ३७३ कैद्यांचा अभ्यास, त्यातले जवळपास तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बळ.

पण काम तिथे थांबलं नाही. पुण्यातल्या १९९४च्या हत्याकांडात फाशीची शिक्षा सुनावलेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळी जेमतेम साडेबारा वर्षांचा होता. कागदावर मात्र सज्ञान! याच विद्यापीठाच्या प्रकल्पातले वकील त्याच्यासाठी लढले. राजस्थानातल्या त्याच्या शाळेचं रजिस्टर पुरावा ठरलं आणि मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. तोवर २८ वर्षं तुरुंगात गेली होती. खटला चालतानाच कुणी शाळेत चौकशी करायला हवी होती.