उन्हाळा, एसी आणि चार्जिंग
एसीमुळे जळगावच्या उन्हाळ्यात विजेच्या गाडीची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर, निम्मी होते, असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. रेंज घटते हे खरे, परंतु महामार्गावर एसीला लागणारी वीज गाडी पळवायला लागणाऱ्या विजेच्या मानाने थोडीच असते. खरा फरक चार्जिंगमध्ये पडतो. पारा ४४ अंशांवर असताना धुळ्याहून येऊन लगेच फास्ट चार्जर लावला, की तापलेली बॅटरी जपण्यासाठी गाडीची यंत्रणाच विद्युतप्रवाह कमी करते आणि वेळ बराच वाढतो.

म्हणून मे महिन्यात आम्ही गाडी घरीच, पहाटे चार्ज करतो. १०० टक्के भरलेली गाडी दिवसभर उन्हात उभी करणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत अधिक लवकर झिजते.