विषय: पुढील प्रदर्शनासाठी सूचना – क्लूझो यांच्या अपुऱ्या चित्रपटावरील माहितीपट

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

सध्या मी सुट्टीनिमित्त पैठणला घरी आहे. पुढील प्रदर्शनासाठी माहितीपट सुचवावा, असे कार्यकारिणीने कळवले होते. आँरी-जॉर्ज क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाने १९६४ साली अर्धवट सोडलेल्या ‘लान्फेर’, म्हणजेच ‘नरक’, या चित्रपटावर सर्ज ब्रॉमबर्ग आणि रुक्साँद्रा मेद्रिया यांनी २००९ साली केलेला माहितीपट आपण दाखवावा, असे मला मनापासून वाटते.

बायकोवर संशय घेणाऱ्या एका हॉटेलमालकाची ही गोष्ट आहे. वास्तव कृष्णधवल आणि संशयाने पछाडलेल्या मनाला दिसणारे सारे रंगीत, अशी क्लूझो यांची योजना होती. त्या दृश्यांत तळ्याचे पाणी रक्तासारखे लाल दिसावे म्हणून रंग उलटवायचे ठरले. पण मग माणसांचे चेहरेही बदलणार, म्हणून बायकोचे काम करणाऱ्या रोमी श्नायडरच्या ओठांना चक्क निळा रंग लावला गेला. ते निळे ओठ आणि चेहऱ्यावरून गोल फिरणारा उजेड कालपासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

वडिलांची सारी नोकरी जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर गेली. चित्रीकरणाचे ते तळे धरणाचे असून वीज कंपनी काही आठवड्यांतच त्यातले पाणी सोडणार होती, हे कळताच ते सावरून बसले आणि म्हणाले, “पाणी सोडायची तारीख कुणासाठी थांबत नसते.” इतके असूनही क्लूझो एकेक दृश्य पुन्हा पुन्हा घेत राहिले, आणि छायाचित्रणाच्या तीन तुकड्यांपैकी दोन त्यांची वाट पाहत बसून राहिल्या. आपल्या मराठवाड्यात अर्धवट राहिलेल्या प्रत्येक कामामागे ‘निधी आला नाही’ हेच कारण ऐकत आपण मोठे झालो. इथे मात्र कोलंबिया या अमेरिकी चित्रपट कंपनीने खर्चाला मर्यादाच ठेवली नव्हती, आणि माझ्या मते तिथेच घात झाला. ज्याला कशाचीच काटकसर करावी लागत नाही, त्याला ‘हे झाले, आता पुढे’ असे म्हणण्याची गरजच उरत नाही.

आपला,
मंडळाचा सभासद, मूळ गाव पैठण

*

सप्रेम नमस्कार.

सूचनेला माझे अनुमोदन आहे, मात्र निदान पटले नाही. मुबलक पैशाने काम लांबले असेल, पण ते थांबले माणसांची शरीरे थकल्यामुळे. सर्ज रेज्यानी या नायकाला क्लूझो यांनी इतके पळवले की तो आजारी पडून निघून गेला; त्याच्या जागी आलेला नट ज्याँ-लुई त्रँतिन्याँही टिकला नाही; आणि तळ्यात होडीवरचे एक दृश्य घेताना खुद्द क्लूझो यांनाच हृदयविकाराचा झटका आला. चित्रीकरण सुरू होऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते.

आणखी एक सांगावेसे वाटते. मागे राहिलेल्या फिल्मच्या १८५ डब्यांतील दृश्यांना बहुतांशी आवाज नाही, म्हणून माहितीपटात आजचे दोन कलावंत रिकाम्या खोलीत संवाद वाचतात. मला तो भाग उपरा वाटला. अंबाजोगाईला नाटकाच्या तालमींत आम्ही असेच संहिता हातात धरून उभे राहत असू, त्यामुळे त्यातले कच्चेपण मला चटकन जाणवले असेल. तरीही रोमी श्नायडरची मूक दृश्ये तशीच सलग दाखवली असती, तर बरे झाले असते.

आपली,
सभासद, मूळ गाव अंबाजोगाई

*

सप्रेम नमस्कार.

रेज्यानीबद्दल आपण लिहिले ते मला मान्य आहे. त्या माणसाचे हाल माझ्या पत्रात यायला हवे होते. संवादवाचनाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. त्या वाचनामुळेच नवऱ्याचा संशय पायरीपायरीने कसा वाढत जातो ते कळते. नुसत्या सुंदर चित्रांतून ते कळले नसते.

कार्यकारिणीने तारीख कळवल्यास प्रास्ताविकाचे टिपण मी इथूनच पाठवीन. वडिलांनी आज सकाळी पुन्हा तळ्याचा भाग लावायला सांगितला. काठावर पाणी कुठवर उतरले होते, ते त्यांना नीट पाहायचे होते.

आपला,
पैठणकर सभासद