बडोद्याहून बावीस मुलांना ऑपेरा ऐकायला मुंबईला नेते आहे, तयारी कशी करून घेऊ?

स्वरमंडळ_बडोदा

नमस्कार. दांडियाबाजारात माझा गाण्याचा वर्ग आहे. वाड्याची पुढची खोली, दोन पेट्या, एक तानपुरा, आणि संध्याकाळी पाचपासून पार रात्र पडेपर्यंत मुलं. निम्मी मराठी, निम्मी गुजराती, त्यामुळे समजावून सांगायचं ते दोन्ही भाषांत सांगावं लागतं. बहुतेक जण गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका नाहीतर मध्यमा या संगीत परीक्षेला बसलेले आहेत.

तीन महिन्यांनी नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात पुच्चिनी या इटालियन संगीतकाराचा 'ला बोएम' हा ऑपेरा, म्हणजे गाऊन सादर होणारं नाटक, होणार आहे. बारा ते सतरा वयाची बावीस मुलं, तीन पालक आणि मी असे जाणार. रात्रीच्या गाडीनं निघायचं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रयोग, मुक्काम दादरला माझ्या नणंदेच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, आणि सकाळच्या गाडीनं परत. सगळं धरून माणशी साडेतीन हजार होतात. चार मुलांचे पैसे गुरुपौर्णिमेच्या निधीतून घालणार आहे. हे सगळं जमेल. मला काळजी आहे ती मुलांच्या कानांची.

चार वर्षांपूर्वी मी पंधरा मुलांना एका मोठ्या शहरात पाश्चात्त्य वाद्यवृंद ऐकायला नेलं होतं. विद्यार्थी म्हणून आम्हांला अगदी मागची रांग मिळाली. मुलांना आधी कुणीच काही सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. सिंफनीचा, म्हणजे अनेक भागांच्या वाद्यवृंद-रचनेचा, पहिला भाग फार सुंदर संपला आणि माझ्या बारा वर्षांच्या एका मुलीनं भान हरपून टाळ्या वाजवल्या. दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात हे तिला कुठून ठाऊक असणार? तिथली एक स्वयंसेविका रांगेत वाकली आणि तिला रागावली. पुढचा पाऊण तास ती मुलगी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती. शेवटी सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं, तेव्हाही तिनं हात बाहेर काढले नाहीत. ती आता सोळा वर्षांची आहे, अजून माझ्याकडेच शिकते, आणि या सहलीला येणार आहे.

म्हणून इथल्या जाणकारांना विचारते. तीन महिन्यांत मुलांना काय ऐकवू, काय सांगू आणि काय मुद्दाम सांगायचं नाही? मी स्वतः ऑपेरा रेकॉर्डवर खूप ऐकला आहे, पण समोर बसून कधीच नाही.

एका पालकांनी विचारलं, "ताई, यानं मध्यमेचे मार्क वाढणार का?" मी सरळ सांगितलं, नाही वाढणार. पण याच गावात सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायक मौलाबक्षांना गायनशाळा काढून दिली, आणि १९१६ साली भातखंड्यांची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद इथंच भरली. त्या गावातल्या, रोज सा लावणाऱ्या मुलांनी जगातलं एक मोठं गाणं एकदा तरी माइकशिवाय ऐकावं असं मला फार वाटतं.

गिरगावकर

ताई, आधी जागांचं पाहा. अगदी पुढची रांग घेऊ नका. संवादांचं भाषांतर रंगमंचाच्या वर पट्टीवर उमटतं आणि पुढे बसलं की मान वर करूनच अर्धा प्रयोग जातो. बाल्कनीची मधली जागा मिळाली तर उत्तम. तिथून रंगमंचाच्या पुढ्यातल्या खड्ड्यात बसलेला वाद्यवृंदही दिसतो, आणि मुलांना तेच सर्वांत जास्त आवडतं. एनसीपीएचं जमशेद भाभा सभागृह मोठं आहे, हजाराच्या वर खुर्च्या आहेत. वयाची काही अट आहे का ते तिकीट काढण्याआधी फोन करून विचारून घ्या.

गाणी आणि वाद्यं मिळून पावणेदोन-दोन तासांचा मामला आहे, मध्यंतर वेगळं. चार अंक. दुसरा तर जेमतेम वीस मिनिटांचा, आणि त्यात लहान मुलांचा घोळका रंगमंचावर गातो. तुमची धाकटी मुलं तिथं सावरून बसतील.

टाळ्यांचं म्हणाल तर ऑपेरात सिंफनीइतकं कडक नसतं. मोठं एकट्याचं गाणं संपलं की लोक मनमोकळ्या टाळ्या देतात. गायकाला ब्राव्हो म्हणतात, गायिकेला ब्रावा, सगळ्यांना मिळून ब्रावी. हे तुमच्या त्या मुलीला आवर्जून सांगा.

आणि दुपारी वेळ असेल तर चर्नी रोडला उतरून रॉयल ऑपेरा हाऊसची इमारत बाहेरून तरी दाखवा. १९११ साली पंचम जॉर्जनं उद्घाटन केलेली, १९९३ला बंद पडलेली आणि डागडुजी होऊन २०१६ला पुन्हा उघडलेली. आमच्या लहानपणी ती बंदच होती, नाव मात्र बसच्या पाटीवर रोज वाचायचो. बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ तिथं गायले आहेत हे मुलांना दारात उभं करून सांगा.

मेझो_इंदूर

मी इंदूरची. पुण्यात असताना पाच वर्षं पाश्चात्त्य गायन शिकले, त्याआधी आठ वर्षं खयाल. त्यामुळे तुमच्या मुलांना काय खटकेल ते मला नेमकं सांगता येईल, कारण ते मला स्वतःला खटकलं होतं.

पहिली गोष्ट, त्यांना स्वर हलतो आहे असं वाटेल. आपण मुलांना सा स्थिर ठेवायला शिकवतो, तासन्‌तास. तिथं लांब स्वर सेकंदाला पाच ते सात वेळा हलका झुलतो, त्याला व्हिब्राटो म्हणतात. एखादं मूल नक्की म्हणेल की बाई बेसुरी आहे. तेव्हा सांगा, झोपाळा झुलतो पण त्याच्या कड्या जागच्या हलत नाहीत.

दुसरी गोष्ट, हे ओरडतात का, असा प्रश्न येईल. साठ-सत्तर वाद्यांच्या आवाजातून माइक नसताना एक गळा शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवायचा असतो. वाद्यवृंदाचा जोर साधारण ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) आसपास दाट असतो आणि वर जावं तसा विरळ होतो. शिकलेला गळा, विशेषतः पुरुषाचा, स्वरयंत्र खाली आणि घसा मोकळा ठेवून ३००० हर्ट्झच्या आसपास धार आणतो. वाद्यांच्या भिंतीला तिथं फट असते आणि आपला कान तिथंच सर्वांत तिखट असतो. म्हणून तो आवाज वाद्यांवर मात करत नाही, त्यांच्यामधून आरपार येतो. रेकॉर्डवर हे कळतच नाही.

तिसरी गोष्ट माझी सर्वांत लाडकी. आपल्याकडे एका वेळी एकच सुरावट असते. 'ला बोएम'च्या तिसऱ्या अंकाच्या शेवटी बर्फ पडत असताना चौघं जण एकाच वेळी गातात. मिमी आणि रोदोल्फो ही प्रेमी जोडी एकमेकांचा निरोप घेत असते, अगदी हळुवार. त्याच वेळी पलीकडे मार्चेल्लो आणि मुझेत्ता ही दुसरी जोडी कडाकडा भांडत असते. ती त्याला बेडूक म्हणते, तो तिला नागीण आणि चेटकीण म्हणतो. दोन्ही सुरावटी एकमेकींत मिसळतात आणि दोन्ही ऐकू येतात. हे भांडण मुलांकडून आधी नुसतं बोलून वठवून घ्या, मग रेकॉर्ड लावा. कान आपोआप दोन्हीकडे जायला लागतो.

एक काम घरचं द्या. प्रयोग सुरू होण्याआधी ओबो नावाचं वाद्य एक स्वर धरतं आणि सगळे त्याला मिळवून घेतात. तो स्वर म्हणजे तुमच्या पेटीची पांढरी सहा, सहावी पांढरी पट्टी. मुलांना तो कानात घेऊन यायला सांगा.

रावपुरेकर

ताई, मी तुमच्याच गावचा, वय ७८. राग मानू नका, पण यातल्या किती मुलांनी संगीत 'सौभद्र' पाहिलं आहे? घरचं ताट उपडं ठेवून पंगतीला निघाल्यासारखं वाटतं मला. किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात १८८०ला झालं, हा तुमचा इटालियन ऑपेरा तुरिनमध्ये १८९६ला. म्हणजे फक्त सोळा वर्षांचं अंतर. आपल्याकडेही माणसं माइकशिवाय रात्र रात्र गात होती आणि गंधर्व नाटक मंडळीला तर आपल्या महाराजांचाच आश्रय होता.

माझी आजी 'सौभद्र'ला जायची तेव्हा सुभद्राहरणाची गोष्ट तिला तोंडपाठ होती. पुढे काय होणार याची तिला उत्सुकता नसायची. या खेपेला पद कसं रंगतं ते ऐकायला ती जायची. तुमच्या मुलांना मिमीची गोष्ट माहीतच नाही, मग ती गोष्ट ऐकतील की गाणं?

स्वरमंडळ_बडोदा

काका, राग कसला! बावीसपैकी तीन मुलांनी 'सौभद्र' पाहिलं आहे, तेही एकेक प्रवेश. तुमचं म्हणणं मनाला लागलं. आणि मला हवं होतं ते उत्तर तुमच्या आजीनंच दिलं. आजपासून दर शनिवारी शेवटची वीस मिनिटं नुसती गोष्ट सांगणार, इतकी की मुलांना त्या भाषांतराच्या पट्टीकडे पाहावंच लागू नये.

इंदूरच्या ताई, पांढऱ्या सहाबद्दल तुमचे फार आभार. मी इतकी वर्षं रेकॉर्ड ऐकते, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

स्वरमंडळ_बडोदा

जाऊन आलो. सगळ्यांना सांगायचं राहून जाऊ नये म्हणून सविस्तर लिहिते.

शनिवारच्या गोष्टीला नऊ आठवडे पुरले. भांडणाचा प्रवेश मुलांनी इतका मनावर घेतला की वर्गात महिनाभर "देडका!", "नागण!" चालू होतं, शेजारच्या काकू एकदा खरंच सोडवायला आल्या. पहिल्या अंकात मेणबत्त्या विझतात आणि दोघं अंधारात किल्ली शोधतात, त्यासाठी एकदा दिवे घालवले, तानपुऱ्याच्या कपाटाची किल्ली फरशीवर टाकली आणि एका मुलाला शोधायला सांगितलं. बाकीच्यांनी डोळे मिटून नुसतं ऐकायचं. त्याचा हात फरशीवर सरकताना होणारा आवाज सगळ्यांना आला. त्यानंतर रोदोल्फोचं ते गाणं लावलं, किती गार आहे हा इवलासा हात, अशा अर्थाचं. कुणीही हसलं नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचं हे मला विशेष वाटलं.

ऑपेरा हाऊस बाहेरून पाहिलं, तिथंच पायरीशी लिलो चिवडा संपला. एनसीपीएत बाल्कनीची मधली रांग मिळाली. दिवे मंदावले, ओबोनं स्वर धरला, आणि आमची अख्खी रांग तोंड मिटून पांढरी सहा गुणगुणली. पुढच्या रांगेतल्या एका पारशी आजींनी मागे वळून पाहिलं. माझ्या पोटात गोळाच आला. त्या हसल्या आणि पुन्हा पुढे वळल्या.

रोदोल्फोचं गाणं संपलं, टाळ्या सुरू झाल्या. मी त्या मुलीकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी पाहिलं. तिचे हात मांडीवर होते. मिमीचं गाणं त्याच्या पाठोपाठ येतं. ते संपल्यावर तिनं टाळ्या वाजवल्या, सगळ्यांच्या नंतर सुरू केल्या आणि सगळ्यांच्या नंतर थांबवल्या. मध्यंतरात विचारलं तर म्हणाली, "ताई, शेवटचा सूर पूर्ण विझेपर्यंत थांबले होते."

तिसऱ्या अंकाच्या सुरुवातीला बासऱ्या आणि हार्प मिळून बर्फ पाडतात. दोन-दोन स्वरांच्या पोकळ जोड्या एकेक पायरी खाली उतरतात, सा आणि प एकत्र वाजवावेत तशा. एका तबल्याच्या मुलानं माझा हात धरून कानात सांगितलं, "ताई, थंडी वाजते." चौघांच्या गाण्यात मुलं खरोखर मान इकडून तिकडे वळवत होती.

शेवटचं मात्र मी त्यांना मुद्दाम सांगितलं नव्हतं. मिमी जाते हे माहीत होतं सगळ्यांना. पण ती गेल्याचं मित्रांना कळतं आणि रोदोल्फोला कळत नाही, आणि दोन तास गाणारा तो माणूस तिथं गायचा थांबून साध्या बोलण्यात विचारतो की तुम्ही सगळे माझ्याकडे असे का बघता, हे नव्हतं सांगितलं. आमच्या रांगेत त्या क्षणी कुणाचा श्वासही ऐकू आला नाही. नंतर मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून थेपले खाताना सगळे त्याच एका वाक्याबद्दल बोलत होते. धाकटा म्हणाला, रडताना सूर लागत नाही ना, म्हणून तो बोलला. दुसरी म्हणाली, नाही, त्याला विचारायचं होतं, गायचं नव्हतं. मी मध्ये पडले नाही.

व्हिब्राटो चौघांना शेवटपर्यंत आवडला नाही. त्यांना तो आवडलाच पाहिजे असं मला वाटत नाही. त्यातल्या एकीनं घरी येऊन सा लावला, आरशासमोर घसा मोकळा ठेवून, आणि आवाज आधीपेक्षा लांब गेला, ही तिच्या आईनं फोन करून सांगितलेली गोष्ट.

गिरगावकर, तुमच्या सांगण्यावरून आधी फोन केला म्हणून तिकिटांची गडबड वाचली.

रावपुरेकर काका, 'सौभद्र' सोमवारपासून सांगायला घेतलं आहे. गुजराती मुलांना सुभद्राहरण महाभारतातलं माहीत आहे, पण नाटकातलं नाही. अर्जुन संन्यासी होऊन येतो तिथपर्यंत पोचलो आहोत. पुढचे प्रवेश तुम्ही येऊन सांगाल का? गुरुवारी सहानंतर मुलं पूर्ण असतात.